चाचांची काळी जर्सी

"भाबी, ती हिरवी जर्सी कोणाची हो वाळत घातलीय? आत घ्या बघू आधी. गावातली पोरं हल्ली काहीही बघतात नि फोटो काढून ग्रुपवर टाकतात. म्हणतील, पाकिस्तानची आहे."

भाबी गडग्यापलीकडे आमसुलं पालथी करत होत्या. हात कोपरापर्यंत लाल. त्यांनी दोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खो खो हसत सुटल्या. "वहिनी, चष्मा लावा. चांदतारा नाही तो, हरीण आहे."

चष्मा लावला. हरीणच होतं, उडी मारणारं. गळ्याला सोनेरी पट्टी.

"चाचांची नात आलीय ना केपटाउनहून, तिची आहे. रग्बीची. दक्षिण आफ्रिकेची टीम. चार वेळा वर्ल्ड कप जिंकलेत, चार! दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. १९९५, २००७, २०१९ आणि २०२३. पोर झोपेतसुद्धा हे आकडे म्हणते."

"मग चाचा खूश असतील."

"खूश?" भाबींनी हातातलं सूप खाली ठेवलं. सूप खाली ठेवलं म्हणजे गोष्ट मोठी आहे, हे मला इतक्या वर्षांत कळायला लागलंय. मीही गडग्याला टेकले. "वहिनी, चाचा त्या टीमचे दुश्मन आहेत. जन्मापासून."

वाचकांना थोडं सांगायला हवं. आमच्या भागात आखातात माणूस नाही असं मुसलमानाचं घर शोधून सापडायचं नाही. पण आखाताच्या आधी आफ्रिका होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून रत्नागिरी-कुलाब्याच्या खाडीकाठचे कोकणी मुसलमान जहाजाने केपटाउनला जायचे, किराण्याचं नाहीतर फळांचं दुकान टाकायचे, लग्नाला गावी यायचे आणि परत जायचे. भाबींच्या सासऱ्यांचे चुलते असेच गेले. चाचा त्यांचेच चिरंजीव, जन्मले तिकडेच. आता ऐंशी पार केलेत. त्यांचं कोकणी म्हणाल तर आपल्या आजीच्या वेळचं. इकडे जे शब्द कुणी बोलत नाही ते त्यांच्या तोंडात अजून ताजे आहेत.

"चाचांच्या वडलांचं दुकान डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये होतं," भाबी म्हणाल्या. "भर शहरातली वस्ती. मलायी, हिंदी, काळे, ज्यू, सगळे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून. १९६६ साली सरकारने जाहीर केलं, हा भाग आता गोऱ्यांचा. साठ हजार माणसं उचलली हो हळूहळू. घरांवर बुलडोझर घातले. मशिदी नि चर्चं तेवढी ठेवली, बाकी मैदान. आमच्या लोकांना रायलँड्सला धाडलं, तो भाग हिंदी लोकांचा म्हणून ठरवलेला. चाचा तेव्हा विशीतले. दुकानाच्या फळ्या स्वतः काढल्यात त्यांनी."

"आणि याचा रग्बीशी काय संबंध?"

"तेच तर! रग्बी म्हणजे तिकडे त्या सरकारवाल्या गोऱ्यांचा जीव की प्राण. आणि हे हरीण म्हणजे त्यांचं निशाण. टीममध्ये गोऱ्याशिवाय दुसऱ्याला घ्यायचे नाहीत. न्यूलँड्सच्या मैदानावर आपल्यासारख्यांना बघायला जाता यायचं, पण वेगळ्या कोपऱ्यात, वेगळ्या दारातून. मग त्या कोपऱ्यातली माणसं काय करायची? जो कोण परदेशातून यायचा त्याच्या नावाने ओरडायची. ब्रिटिश येवोत, फ्रेंच येवोत. आणि न्यूझीलंडवाले आले की ईद. त्यांची जर्सी काळी, त्यांना म्हणतातच ऑल ब्लॅक्स."

पुढे मला कळलं की रॉबेन बेटावरच्या तुरुंगात मंडेला आणि त्यांचे सोबतीसुद्धा हेच करायचे. रग्बीत स्वतःच्या देशाची टीम हरली की खूश व्हायचे, मग समोर कोणीही असो. म्हणजे चाचा काही वाया गेलेले गृहस्थ नव्हेत, चांगल्या संगतीत होते.

"पण भाबी, न्यूझीलंडवाले तरी कुठले धुतल्या तांदळाचे? मी वाचलंय. त्या गोऱ्या सरकारने म्हटलं, तुमचे माओरी खेळाडू आणू नका, तर किती वर्षं न्यूझीलंडवाले मुकाट्याने गोरी गोरी पोरं निवडून पाठवत होते. १९६७ साली कुठे नाही म्हणाले. १९७० साली आले, तेव्हा त्या माओरी पोरांना तिकडच्या सरकारने 'मानद गोरे' ठरवून आत घेतलं. आणि १९७६ साली परत आले खेळायला! त्यावरून आफ्रिकेतल्या देशांनी माँट्रियलचं ऑलिंपिक सोडलं."

"हेच मी चाचांना एकदा विचारलं होतं. तर म्हणाले, तू ब्रायन विल्यम्सला पळताना बघितलं नाहीस. १९७०चा तो. सामोआच्या रक्ताचा, सावळा, एकोणीस वर्षांचा. आपल्या रंगाचा पोरगा चेंडू काखेत मारून निघालाय आणि मागे गोरे धापा टाकतायत, हे आमच्या कोपऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. मानद गोरा म्हणे! चाचा अजून त्या शब्दावर थुंकतात."

यावर मी काही बोलले नाही. काही निष्ठा पुराव्याने जमत नाहीत नि पुराव्याने मोडतही नाहीत.

आणि लक्षात घ्या, या सगळ्या काळात इकडची माणसं तिकडे जाऊ शकत नव्हती. आपल्या पासपोर्टावर छापलेलंच असायचं, दक्षिण आफ्रिका सोडून. भारताने १९४६ सालीच त्यांच्याशी व्यापार तोडला होता. भाबींच्या सासूबाई सांगायच्या, मयताची खबरसुद्धा पत्राने यायची, ती चाळिसावं होऊन गेल्यावर. १९९३ साली दोन्ही सरकारं पुन्हा बोलायला लागली आणि मग भाबींच्या घरी केपटाउनचे फोटो रंगीत यायला लागले.

"१९९४ साली चाचांनी पहिल्यांदा मत दिलं," भाबी म्हणाल्या. "सकाळपासून रांगेत. मत मंडेलांना. आणि पुढच्याच वर्षी मंडेला त्या हरणाची जर्सी घालून मैदानात उभे! कॅप्टनच्या पाठीवरचा सहा नंबर, तोच यांच्या पाठीवर. मंडेलांच्याच पक्षातले लोक म्हणत होते हे हरीण बदला, तर मंडेलांनीच ते वाचवलं. चाचा म्हणाले, मत दिलंय, जर्सी नाही दिली."

१९९५ची ती फायनल सिनेमात सगळ्यांनी बघितलीय. चोवीस जून, जोहान्सबर्गचं एलिस पार्क, जादा वेळेत स्ट्रान्स्कीने ड्रॉप गोल मारला आणि न्यूझीलंड १५-१२ने हरलं. अख्ख्या टीममध्ये गोरा नसलेला एकच, चेस्टर विल्यम्स, केपटाउनजवळच्या पार्लचा. सिनेमातली गोष्ट सिनेमात राहू दे. मला भाबींनी जी सांगितली ती सेमीफायनलची, आणि माझ्या मते खरा वर्ल्ड कप तिथेच जिंकला गेला, तोही खराट्याने.

"दरबानला मॅच, फ्रान्सशी. आणि पाऊस म्हणजे आपल्या आषाढातला. मैदानात तळं. मॅच रद्द झाली असती ना वहिनी, तर फ्रान्स फायनलला गेलं असतं."

"का? सारखे गुण देऊन नाणं टाकायचं."

"नाही ना. नियम असा की ज्यांचं वागणं चांगलं ते पुढे. आणि आफ्रिकेच्या एका पोराला आधी कॅनडाशी मारामारी करून लाल कार्ड मिळालेलं. फ्रान्सचं पान स्वच्छ. मग काय केलं असेल त्यांनी? झाडूवाल्या बायका आणल्या! काळ्या बायका, डोक्याला फडकी बांधलेल्या, हातात लांब दांड्याचे झाडू. साऱ्या जगाच्या टीव्हीसमोर त्यांनी मैदानातलं पाणी लोटून काढलं. मॅच झाली. आफ्रिका १९-१५ने जिंकली."

मी नंतर भाबींच्या ओटीवर बसून मोबाईलवर ते बघितलं. झाडताहेत हो त्या बायका, वाकून, रांगेत, आपण पहिल्या पावसात अंगण लोटतो तशा. ज्या देशात त्यांना वर्षभरापूर्वीपर्यंत मत नव्हतं, त्या देशाला त्यांनी फायनलला नेलं. पदकं मात्र पंधरा पुरुषांच्या गळ्यात. भाबी म्हणाल्या, "हे तर सगळीकडेच."

"आणि तिथेही शेवटी काय झालं," भाबींचा आवाज खाली आला, आता हा भाग त्यांच्या खास आवडीचा, "फ्रान्सचा तो बेनाझी, मोरोक्कोचा, आपल्यातला, अब्देललतीफ. चेंडू घेऊन घुसला तो थेट रेषेपर्यंत. एवढंसं राहिलं," त्यांनी लाल बोटांनी चिमटीभर अंतर दाखवलं. "चाचा म्हणतात, पाऊस नसता तर तो घसरत पोचला असता, आणि पाऊस होता म्हणून अडकला. मी म्हटलं, चाचा, पावसात तर जास्तच घसरतो ना माणूस? तर म्हणाले, तुला खेळातलं काही कळत नाही."

"आणि फायनल हरल्याचं कारण काय सांगतात?"

"सुझी!"

या सुझीची कथा ऐकण्यासारखी आहे. फायनलच्या दोन दिवस आधी न्यूझीलंडचे खेळाडू हॉटेलात जेवले आणि निम्म्याहून जास्त पोटं धरून बसले. त्यांच्या प्रशिक्षकाचं म्हणणं, सुझी नावाच्या एका वाढपिणीने विष घातलं. ही सुझी त्यानंतर कधी कुणाला दिसली नाही. आधी कुणी बघितली होती का, त्याचाही पत्ता नाही. चाचांचा मात्र सुझीवर पूर्ण विश्वास. त्यांच्या मते जुगारवाल्यांनी तिला पैसे दिले. मी पोटदुखीच्या बाबतीत अनुभवी आहे; मला विचाराल तर दूध नाहीतर कोंबडी शिळी असणार. पण शिळ्या कोंबडीवर तीस वर्षं गप्पा चालत नाहीत, सुझीवर चालतात.

एवढ्यात चाचांची नात स्वतःच आली, दोरीवरची जर्सी काढायला. विशीतली पोर, डोक्याला स्कार्फ, पायात आमच्या बाजारातल्या रबरी चपला. मला "वहिनी" म्हणाली, भाबी म्हणतात म्हणून. भाबींनी डोळे वटारले तेव्हा "काकी" झाले.

मी म्हटलं, "काय गं, आजोबांच्या विरुद्ध पार्टी?"

तिने सांगितलं ते थोडं इंग्रजीत, थोडं तिच्या पणजोबांच्या कोकणीत. म्हणाली, काकी, माझ्यासाठी हे हरीण गोऱ्यांचं नाही, सियाचं आहे.

सिया म्हणजे सिया कोलीसी. २०१८च्या नऊ जूनला तो दक्षिण आफ्रिकेचा पहिला काळा कसोटी कॅप्टन झाला. पहिल्याच मॅचला इंग्लंड २४-३ने पुढे गेलं होतं. शेवटी ४२-३९ने आफ्रिका जिंकली. तेव्हा ही पोर शाळेत होती. तिच्या वर्गात सगळ्या रंगाच्या मुली. पुढच्या आठवड्यात निम्म्या वर्गाला तीच हिरवी जर्सी हवी होती. पोर घरी येऊन आजोबांकडे पैसे मागायला गेली. आजोबांनी दिले. तिने जर्सी आणली. आजोबांनी ती बघितली आणि आठ दिवस बोलले नाहीत.

"त्याचं बालपण सांग ना काकींना," भाबी म्हणाल्या. आणि मग सांगितलं सगळं त्यांनीच, पोरीला बोलू न देता.

पोर्ट एलिझाबेथच्या झ्वीडे वस्तीतला हा पोरगा. आजीने वाढवला. आजी लोकांच्या स्वयंपाकघरात काम करायची. खेळणं म्हणजे एक वीट, तीच ढकलायची नि मोटार म्हणायची. रग्बीच्या निवड चाचणीला गेला तर चड्डी नव्हती, आतल्या रेशमी चड्डीवर खेळला आणि निवडला गेला. बारा वर्षांचा असताना ग्रे नावाच्या मोठ्या शाळेने शिष्यवृत्ती दिली. इंग्रजी येत नव्हतं. आजीही लौकरच गेली आणि आईही. २००७ साली आफ्रिकेने दुसऱ्यांदा कप जिंकला तेव्हा या सोळा वर्षांच्या पोराने मॅच दारूच्या गुत्त्यात बघितली, कारण घरी टीव्ही नव्हता. आणि बारा वर्षांनी कप याच्याच हातात. बापाला पहिल्यांदा परदेशी विमानात बसवून योकोहामाला आणलं होतं, लेकाची फायनल बघायला.

"आणि आई गेल्यावर त्याची दोन सावत्र भावंडं कुठे कुठे वाढत होती, ती शोधून काढली त्याने. बायको गोरी, रेचेल, तिने ती घरात घेतली. स्वतःची दोन नि ही दोन. बघा, कोण करतं हो एवढं?" भाबी म्हणाल्या आणि एकदम गप्प झाल्या. मग हळूच, "२०२४ला वेगळे झाले दोघं. दोघांनी मिळूनच जाहीर केलं. मुलांना सांभाळायचं दोघांनी ठरवलंय."

"अरेरे. काय बिनसलं?"

"ते नाही कळलं बाई." एवढी मोठी बातमी हातात असून त्यात भर न घालणाऱ्या भाबी मी पहिल्यांदाच बघत होते. कोलीसीवर त्यांचा खरंच जीव असावा.

२०१९ची फायनल त्यामानाने सोपी झाली. इंग्लंडला ३२-१२ने लोळवलं, त्यात २२ गुण एकट्या हाँड्रे पोलार्डचे. पहिली मॅच न्यूझीलंडकडून हरूनसुद्धा कप जिंकला. गटात हरून जगज्जेता व्हायचा मान तोपर्यंत कुणाला मिळाला नव्हता. मॅच संपल्यावर इंग्लंडचा राजपुत्र हॅरी अभिनंदन करायला खेळाडूंच्या खोलीत आला, तर पुढे हात मिळवायला उभा फाफ डी क्लर्क, सोनेरी केसांचा बुटका, अंगावर फक्त देशाच्या झेंड्याची चड्डी! तो फोटो पोरीने मला दाखवला. मी म्हटलं, हे आमच्याकडे केलं असतं तर झेंड्याच्या अपमानाचा खटला चालला असता. पोर म्हणाली, आमच्याकडे दुकानात त्या चड्ड्या संपल्या.

पण त्या वर्षीची एक गोष्ट हसण्याची नाही. प्रशिक्षक रासी इरासमस यांनी ठरवलं की प्रत्येकाच्या पाठीवरच्या आकड्यात त्याच्या माणसांचे बारीक बारीक फोटो छापायचे. आई, बाप, बायको, मुलं. सगळ्यांनी फोटो पाठवले. मकाझोले मपिंपी या विंगरने पाठवले ते सगळे स्वतःचेच. रासींना वाटलं, पोराला समजलं नसेल. विचारलं, तर तो म्हणाला, माझं कुणी नाही. आई गेली, बहीण गेली, भाऊ गेला. खेड्यातून आलेला पोरगा. त्याच मपिंपीने फायनलमध्ये ट्राय केला, म्हणजे चेंडू नेऊन रेषेपलीकडे टेकवला. आफ्रिकेने त्याआधी दोन फायनली जिंकल्या होत्या, पण फायनलमध्ये ट्राय कुणी केलेला नव्हता. पहिला याचा.

भाबींनी पदर डोळ्याला लावायला हात उचलला आणि कोकमाचं लक्षात येऊन तसाच ठेवला. "ही गोष्ट ऐकून चाचा पाघळले होते," त्या म्हणाल्या. "म्हणाले, हा पोरगा माझा. बाकीचे चौदा नाहीत."

एव्हाना मला खेळही थोडा कळायला लागला होता. पंधरा पंधरा माणसं, ऐंशी मिनिटं. पळायचं पुढे पण चेंडू हाताने द्यायचा तो मागच्यालाच. सरकारी कचेरीतल्या फायलीसारखं, काम पुढे न्यायचं तर कागद मागच्या टेबलावर द्यायचा. ट्रायला पाच गुण, त्यानंतर लाथेने खांबांमधून मारला तर आणखी दोन, दंडाच्या किकचे तीन.

आता २०२३. हे ऐकायलाच मी इतका वेळ उभी होते.

फ्रान्समधला वर्ल्ड कप. आफ्रिकेचं मार्गदर्शन रासींचं, नावाला प्रशिक्षक जॅक निनाबर, मूळचे फिजिओथेरपिस्ट. रासी म्हणजे वल्ली. २०२१ साली एका पंचाच्या चुका दाखवणारी तासभराची चित्रफीत केली म्हणून त्यांच्यावर बंदी आली. त्याआधी पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात घुसायचे नि पाणी पाजता पाजता डावपेच सांगायचे. या वेळी आफ्रिका आयर्लंडकडून गटात हरली, आणि पुढच्या तिन्ही मॅचेस एकेका गुणाने जिंकली. फ्रान्सला २९-२८. इंग्लंडला १६-१५, पोलार्डची किक शेवटच्या तीन मिनिटांत. हा पोलार्ड मुळात संघात नव्हताच, पोटरी दुखावलेली; दुसरा जायबंदी झाला म्हणून मागून बोलावला. फ्रान्सच्या मॅचमध्ये तर चेसलिन कोल्बेने कमाल केली. फ्रान्सचा रामोस ट्रायनंतरची किक मारायला पुढे पाऊल टाकतोय तोच हा छोटासा माणूस रेषेवरून सुटला आणि अंगावर उडी घेऊन चेंडू अडवला. ते दोन गुण गेले नि फ्रान्स एका गुणाने हरलं.

"कोल्बे आमच्याच बाजूचा, केपटाउनच्या क्राइफॉन्टेनचा," पोर म्हणाली. "ऑलिंपिकमध्ये चारशे मीटरचा विक्रम केला ना वेड व्हॅन निकर्कने, त्याचा भाऊ लागतो." हे नातं सांगताना तिचा चेहरा अगदी आमच्या गावचा झाला.

आणि फायनलला समोर कोण? न्यूझीलंड.

"चाचांच्या घरात एक टीव्ही," भाबी म्हणाल्या. "एका बाजूला चाचा, काळ्या जर्सीत. त्यांचे दोन जुने दोस्त, तेही काळ्या जर्सीत. केपटाउनला अशी पुष्कळ म्हातारी माणसं आहेत बरं का, तरणीही आहेत. ऑल ब्लॅक्स तिकडे खेळायला आले की निम्मं स्टेडियम काळं दिसतं. दुसऱ्या बाजूला पोरं, हिरव्यात. मध्ये चाची, समोश्यांची थाळी घेऊन. आणि इकडे आपल्याकडे रात्रीचा साडेबारा, मला व्हिडिओ कॉल लावून ठेवलेला. मॅच कोण बघतंय, मी घर बघत होते!"

अठ्ठाविसाव्या मिनिटाला न्यूझीलंडच्या कॅप्टनला, सॅम केनला, पिवळं कार्ड. दहा मिनिटं बाहेर. बाहेर बसल्या बसल्या वरच्या पंचांनी पुन्हा बघितलं आणि पिवळ्याचं लाल केलं. पुरुषांच्या फायनलमधलं पहिलं लाल कार्ड. राहिलेली सगळी मॅच न्यूझीलंड चौदा जणांनी खेळलं. दुसऱ्या अर्ध्यात कोलीसीने जवळपास तसंच केलं. त्यालाही पिवळं. पुन्हा बघितलं. पिवळं ते पिवळंच राहिलं.

"झालं! चाचा उठून उभे. म्हणाले, बघा, तुमच्या हरणाला पंचही फितूर. पोरं म्हणाली, केनने डोक्याला खांदा मारला, सियाचं तेवढं नव्हतं. चाचा म्हणाले, डोकं मोजायचं माप आणा. चाची म्हणाल्या, समोसे निवतायत."

आफ्रिकेचे बाराच्या बारा गुण पोलार्डच्या चार किकांचे, तेही पहिल्या अर्ध्यातच. दुसऱ्या अर्ध्यात एकही गुण नाही. न्यूझीलंडने चौदा जणांत ट्राय केला, बोडेन बॅरेटने. आफ्रिकेविरुद्ध कुठल्याही फायनलमध्ये झालेला पहिला ट्राय. नंतरची किक बाहेर. १२-११. शेवटी कोल्बेलाही पिवळं कार्ड, तो बाहेर खुर्चीत जर्सी तोंडावर ओढून बसला, बघवेना त्याला. मग न्यूझीलंडची लांबची किक, जॉर्डी बॅरेटची. ती गेली असती तर संपलं होतं.

"दादा, म्हणजे तुमचे चाचा, डोळे मिटून बसलेले," पोर म्हणाली. "ओठ हलत होते. मी म्हटलं, दादा दुआ मागतायत. चेंडू बाजूने गेला. दादांनी डोळे उघडले आणि मला विचारलं, लागली का? मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, अल्लाची मर्जी. आणि समोसा उचलला."

"दुआ कसली मागितली होती?" मी विचारलं.

"तेच तर ते सांगत नाहीत!" भाबी म्हणाल्या. "मी कॉलवर बघत होते. किक चुकल्यावर माणसाचा चेहरा पडतो ना? नाही पडला. मी शपथेवर सांगते, वहिनी."

पोर म्हणाली, पडला होता. भाबी म्हणाल्या, तुला काय दिसणार, तू उड्या मारत होतीस. यावर दोघींचं जे जुंपलं ते मी इथे देत नाही. चाचांच्या मनात काय होतं ते चाचांनाच विचारायला हवं आणि ते विचारलेलं सांगत नाहीत. माझं मत भाबींच्या बाजूने आहे, पण मी चेहरा बघितलेला नाही, भाबींनी बघितलाय, तोही रात्री दोन-अडीचला, मोबाईलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर.

पुढे राष्ट्राध्यक्षांनी पंधरा डिसेंबरला देशाला सुट्टी दिली. कप घेऊन संघ उघड्या बसमधून गावोगाव फिरला. केपटाउनच्या मिरवणुकीला चाचा स्वतःहून तयार झाले. काळी जर्सी चढवली आणि रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले. लोकांनी विचारलं, आजोबा, रंग चुकला? म्हणाले, मी बस बघायला आलोय. बसच्या वर मपिंपी दिसला तेव्हा हात मात्र केला म्हणतात.

मी म्हटलं, "आपल्याकडे खेळतं का हो कुणी हे?"

पोरीने ओटीवरूनच सांगितलं, खेळतात ना! भारताच्या मुलींनी २०१९ साली मनिलात सिंगापूरला २१-१९ने हरवलं, पंधरा जणींच्या रग्बीतला भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. शेवटची किक ओडिशाच्या सुमित्रा नायकची. आणि त्या संघात पुण्याची वाहबिझ भरुचाही होती. मला पुण्याचं हे माहीत नव्हतं. आमच्या पुण्याच्या नणंदेलाही नसणार, पण ती माहीत होतं म्हणेल. "आणि सिनेमातला तो राहुल बोस," भाबी म्हणाल्या, "तोही देशासाठी खेळलाय. म्हणूनच अंगाने तसा आहे."

"मग आता चाचा सुधारले असतील?"

"कसले सुधारतायत. २०२५च्या सप्टेंबरात काय झालं ऐकलंत? वेलिंग्टनला, त्यांच्याच घरात जाऊन आफ्रिकेने न्यूझीलंडला ४३-१०ने हाणलं. एवढी मोठी हार त्या लोकांनी आयुष्यात बघितली नव्हती. त्या दिवशी संध्याकाळी चाचांचा फोन, यांना. स्वतःहून! तासभर बोलले. पाऊस किती झाला, भात कसं आहे, जुन्या घराची कौलं फिरवलीत का, फणस अजून धरतो का. मॅचचा शब्द नाही. मग मी फोन घेतला. म्हटलं, चाचा, आज कुठलीशी मॅच होती ना?"

"मग?"

"तर म्हणाले, बेटा, तुझा आवाज तुटतोय. आणि ठेवला फोन."

"तुटत असेल हो खरंच. आपल्याकडे रेंज कुठे असते?"

"वहिनी," भाबींनी सूप उचललं, "व्हॉट्सॲपवर बोलत होते, वायफायवर. आणि फणसाचं सगळं नीट ऐकू येत होतं."